झेरॉक्स मशीनचं भाडं, लॉक-इन आणि वकिलाची नोटीस

शिसपेन्सिल | १० फेब्रुवारी २०२५, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आता अडलोय म्हणून लिहितोय. त्याबद्दल आधीच माफी.

नाशकात माझं छोटं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. मी, दोन ज्युनियर, एक ड्राफ्ट्समन, रिसेप्शनला एक ताई आणि वरकामाला एक मुलगा. जून २०२३ मध्ये मुंबईच्या एका डीलरकडून ए-३ चं मल्टिफंक्शन मशीन ३६ महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतलं. महिना ६,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ७,६७०. त्यात ८,००० कॉपी, पुढे कॉपीमागे ४५ पैसे. टोनर, ड्रम (कागदावर छाप उठवणारा रोलर), सर्व्हिस त्यांची. कागद आणि वीज आमची. डिपॉझिट २०,००० आणि सही केलेले तीन कोरे चेक. (हो, माहितीये. पुढे वाचा.)

मशीन रीकंडिशन्ड होतं, हे त्यांनी लपवलं नव्हतं. आठ महिने चांगलं चाललं. मग कागदावर उभी काळी रेघ यायला लागली. पत्रावर रेघ आली तर चालून जातं. प्लॅनवर बेडरूमच्या मधोमध उभी रेघ आली तर ती भिंत दिसते. इंजिनीयर यायचा, काच पुसायचा, ड्रम काढून झटकायचा, चार दिवस बरं चालायचं, पुन्हा रेघ. सप्टेंबरात फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) गेला आणि मशीन सलग ११ दिवस बंद. ऐन सबमिशनच्या वेळी पोरं पेन ड्राइव्ह घेऊन कॉलेज रोडवर रांगेत उभी. मी वैतागून ऑक्टोबरपासून भाडं थांबवलं.

आता वकिलाची नोटीस आली आहे. चार महिन्यांची थकबाकी ३०,६८०. करार मोडला म्हणून उरलेल्या १६ महिन्यांचं भाडं १,०४,०००. वर २४ टक्के व्याज, नोटीस खर्च ५,५००. १५ दिवसांत दिले नाहीत तर चेक टाकू, फौजदारी करू आणि करारातल्या कलमाप्रमाणे लवाद नेमू, असं लिहिलंय. लवाद कोण, तर त्यांचे संचालक नेमतील तो. जागा मुंबई.

दुसरं दुखणं. एका बिल्डरकडे माझी तीन बिलं अडकली आहेत, १,४०,०००, १,२०,००० आणि १,२४,०००, जीएसटी धरून एकूण ३,८४,०००. सगळ्यात जुनं बिल सव्वा वर्षाचं. यातला ५८ हजारांवर जीएसटी मी स्वतःच्या खिशातून कधीच भरून बसलोय. फोन केला की "काम मनासारखं झालं नाही, बघू" एवढंच.

घ्यायचे तिथे मिळत नाहीत आणि द्यायचे तिथे वकील उभा. काय करू?

चिंचपोकळीकर | १० फेब्रुवारी, रात्री १०:२०

सोपं आहे. चेक स्टॉप पेमेंट करा, मशीन बाहेर पॅसेजमध्ये ठेवा आणि डीलरला ग्राहक मंचात खेचा. बिल्डरवर ४२० ठोका.

काळाकोट | १० फेब्रुवारी, रात्री ११:०५

चिंचपोकळीकर, चार सल्ल्यांत चार चुका. जेवून मग लिहितो.

टोनरवाला | १० फेब्रुवारी, रात्री ११:३१

मी कोल्हापुरात हाच धंदा करतो. चाळीसएक मशीनं भाड्यावर आहेत. तेव्हा जरा पलीकडची बाजू सांगतो, राग मानू नका.

रीकंडिशन्ड ए-३ मशीन घेऊन, नवा ड्रम, नवी ब्लेड, रोलर बदलून तुमच्या दारात उभं करेपर्यंत माझे सत्तरेक हजार जातात. पहिल्या वर्षाच्या भाड्यात ते जेमतेम निघतात. लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार तोडायचा नाही ही अट, त्यासाठी असतं. आणि मशीन परत येतं कसं? मागच्या महिन्यात एका क्लासचं आणलं. ट्रे उघडला तर आत स्टेपलच्या पिना, फ्यूजरची फिल्म फाटलेली, काचेवर चहाचा गोल डाग. क्लासवाले म्हणतात, "सर्व्हिस नीट नव्हती."

तुमची उभी रेघ दोन गोष्टींनी येते. वरच्या फीडरमधून स्कॅन करताना रेघ, पण काचेवर ठेवून कॉपी काढली की नाही, असं असेल तर फीडरच्या त्या बोटभर रुंद पट्टीवर व्हाइटनरचा ठिपका असतो. ती चूक तुमच्या पोरांची. कॉम्प्युटरवरून थेट प्रिंट दिली तरी रेघ येत असेल तर ड्रम किंवा ब्लेड गेली, ती चूक डीलरची. तुमची कुठली?

आणि एक खाजगीतला प्रश्न. ऑक्टोबरपासून भाडं थांबवलं, पण मशीन वापरायचं थांबवलं का?

शिसपेन्सिल | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:१४

थेट प्रिंटलाही येते. म्हणजे ड्रम.

मशीन... वापरत होतो. बंद ठेवून कुठे जाणार? आज सकाळी ऑफिस उघडून मीटर पाहिला. सप्टेंबरअखेरच्या रीडिंगपासून आजपर्यंत २३,१४० कॉपी.

टोनरवाला | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

बसला फटका. त्यांचा वकील पहिला हाच आकडा वाचणार. आणि बहुतेक मशीनं नेटवर्कवर असली की मीटर रीडिंग आपोआप डीलरकडे जातं. आमच्याकडे तरी जातं. त्यामुळे हा आकडा त्यांच्याकडे आधीच असेल असं समजून चाला.

काळाकोट | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

आता नीट लिहितो. पुण्यात दिवाणी वकिली करतो. हा सल्ला कागद न बघता दिलेला आहे, तेवढाच धरा. उत्तर मात्र वकिलाकडूनच द्या आणि मुदतीत द्या. नोटिशीला उत्तर न देणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे आणि तो महागात पडतो.

आधी चेक. कोरा चेक सही करून दिला म्हणजे तो निकामी, असं लोकांना वाटतं. बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितलंय. सही तुमची असेल तर रक्कम दुसऱ्याने भरली तरी चेकच्या कायद्यातल्या कलम १३९ चं गृहीतक, म्हणजे चेक देण्यापोटीच दिला असं धरणं, तुमच्या विरुद्ध लागतं. ते खोडता येतं, पण खोडायचं तुम्ही. स्टॉप पेमेंट दिल्याने १३८ मधून, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यातून, सुटका होत नाही. मात्र चेक टाकला जाईल त्या दिवशी तेवढं कायदेशीर देणं असलं पाहिजे. पुढच्या १६ महिन्यांचं भाडं आज देय नाही. १,३४,६८० भरून चेक टाकला तर लढायला जागा आहे; ३०,६८० चा टाकला तर फारशी नाही. चेक परतला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ते नोटीस देतील, ती मिळाल्यावर तुम्हाला पैसे द्यायला १५ दिवस. सध्याची नोटीस ती नव्हे. दोन्हींत गल्लत करू नका.

आता १,०४,०००. करार कायदा १८७२, कलम ७४. करार मोडल्यास द्यायची रक्कम करारात लिहिली म्हणून ती जशीच्या तशी मिळत नाही. ती कमाल मर्यादा असते, त्याच्या आत वाजवी भरपाई. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, २०१५, हा निकाल तुमचा वकील काढेलच. शिवाय नुकसान कमी करायची संधी होती का, हेही बघितलं जातं. त्यांनी मशीन परत नेऊन दुसरीकडे लावलं तर १६ महिन्यांचं दुप्पट भाडं खाता येणार नाही. पण त्यासाठी मशीन त्यांच्या ताब्यात जायला हवं. तुम्ही ते धरून ठेवलंय, वापरलंय आणि भाडं दिलेलं नाही. टोनरवाल्यांनी बरोबर नस पकडली.

लवादाचं कलम: एका पक्षाने एकट्याने लवाद नेमायचा, हे पर्किन्स ईस्टमनच्या २०१९ च्या निकालापासून टिकत नाही. उत्तरात हरकत लिहून ठेवा. मग त्यांना एकतर तुमच्या संमतीने लवाद नेमावा लागेल नाहीतर लवाद कायद्याच्या कलम ११ खाली उच्च न्यायालयात जावं लागेल. सव्वा लाखासाठी कोण जातो ते बघू.

ग्राहक आयोगाचं विसरा. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याच्या बाहेर आहे. स्वयंरोजगाराचा अपवाद आहे, पण तो स्वतः एकट्याने गिरणी चालवणाऱ्यासाठी. पाच जणांना पगार देणाऱ्या ऑफिसला तो लावणं अवघड.

हिशोबनीस | ११ फेब्रुवारी, दुपारी १:१८

शिसपेन्सिल, तुमच्या बिल्डरकडे वळते. मी सीए आहे आणि फेब्रुवारी महिन्यात असा धागा निघाला याचा मला आनंदच झालाय, कारण वेळ अगदी योग्य आहे.

तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, आणि कधीचं? बिल्डरच्या कामाच्या आधीचं असेल तर बरंच काही होऊ शकतं.

२००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. परवा दर पाव टक्का उतरला, तोपर्यंत ६.७५ होता, म्हणजे तिप्पट २०.२५ टक्के. तुमच्या ३,८४,००० वर वर्षाचे सुमारे ८५ हजार होतात.

आणि मार्चची गंमत. आयकराचं कलम ४३बी(एच) १ एप्रिल २०२४ पासून लागू झालंय. ही मुदत उलटलेलं तुमचं बिल ३१ मार्चपर्यंत दिलं नाही तर बिल्डरला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. त्याच्या सीएला हे पाठ असतं. बिल्डरला नसतं. म्हणून पत्र बिल्डरला पाठवा, प्रत त्याच्या अकाउंट्स विभागाला.

जीएसटीतही एक फास आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं इनपुट क्रेडिट (तुमच्या बिलातल्या जीएसटीची वजावट) व्याजासकट उलटवावं लागतं.

तुमचा २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराचं आयकर खात्याचं पत्रक) उघडा. कुठल्या बिलांवर टीडीएस कापलाय ते बघा. ज्या बिलावर कापलाय ते त्याच्या वह्यांत जमा झालंय. तेवढ्याने देणं सिद्ध होत नाही, पण "बिल मान्यच नव्हतं" म्हणणं त्याला जड जाईल.

शिसपेन्सिल | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३७

हिशोबनीसताई, उद्यम नोंदणी २०२२ ची. काम २०२३ चं. २६एएस मध्ये पहिल्या दोन बिलांवर १० टक्के कापलेले दिसतायत. तिसऱ्यावर नाही. तिसरं बिल सुधारित नकाशांचं. तो म्हणतो, सुधारणा मी सांगितल्याच नव्हत्या.

काळाकोट, तुमचं वाचून सर्व्हिस रिपोर्टची फाइल काढली. मोठ्या आशेने. २१ रिपोर्ट निघाले. म्हटलं, २१ वेळा इंजिनीयर आला, हाच पुरावा.

प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी छापलेली ओळ आहे: "मशीन तपासून समाधानकारक चालू स्थितीत ताब्यात मिळाले." आणि खाली आमच्या ताईंची सही. १९ रिपोर्टवर. दोनांवर वरकामाच्या मुलाची. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "सर, तो पॅड पुढे करायचा, मी पोच म्हणून सही करायचे."

टोनरवाला | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५५

माझ्याही रिपोर्टवर तीच ओळ आहे. आम्ही कुणी लिहिली नाही, प्रिंटिंगवाल्याकडे फॉरमॅट तयारच असतो.

वाचनमात्र | ११ फेब्रुवारी, रात्री १०:४८

पहिल्यांदाच लिहितोय. एक जाणवलं म्हणून.

शिसपेन्सिल यांचं डीलरबद्दलचं वाक्य: सर्व्हिस नीट नव्हती, म्हणून भाडं थांबवलं. बिल्डरचं शिसपेन्सिलबद्दलचं वाक्य: काम मनासारखं झालं नाही, म्हणून बिल थांबवलं. आणि बिल्डर त्यांचे नकाशे वापरतोय, जसं शिसपेन्सिल डीलरचं मशीन वापरतायत.

चिंचपोकळीकर | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५६

आईशप्पथ.

शिसपेन्सिल | ११ फेब्रुवारी, रात्री ११:४०

मी तासभर याला उत्तर शोधत होतो. नाहीये.

काळाकोट | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

उत्तर आहे, पण ते तुमच्या मनात शोधू नका, फाइलमध्ये शोधा. बिल्डरने तक्रार लेखी कधी केली? हिशोबनीसांनी सांगितलेल्या एमएसएमईडी कायद्यात "स्वीकृती मानल्याचा दिवस" अशी व्याख्या आहे. माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असं धरतात. तुम्हाला आलीय?

दुसरं, महापालिकेत सादर केलेल्या नकाशांवर मालक म्हणून कोणाची सही असते?

शिसपेन्सिल | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:५०

लेखी हरकत एकही नाही.

सही अर्थातच त्याची. प्रत्येक शीटवर उजव्या कोपऱ्यात, माझ्या शिक्क्याच्या वर. त्याच नकाशांवर परवानगी आली आणि प्लिंथही (जोतं) झाली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दहा वर्षं त्या चौकटीत क्लायंटच्या सह्या घेतोय, महापालिकेसाठी म्हणून.

तिसऱ्या बिलाचं: त्याने व्हॉट्सॲपवर माझ्याच प्लॅनचा फोटो पाठवला होता. लाल पेनने टॉयलेट पूर्वेकडून उचलून जिन्याखाली टाकलेलं आणि बाजूला बाण. सोबत व्हॉइस मेसेज, "एवढं बदलून द्या, वास्तुवाल्याने सांगितलंय."

काळाकोट | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

मग तिसरं बिलही जिवंत आहे. तो फोन विकू नका, चॅट डिलीट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी ६५बी म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३.

दावा लावायचा म्हटलं तर तुमची रक्कम तीन लाखांच्या वर आहे, म्हणजे व्यापारी न्यायालयाचा विषय. तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं, कलम १२ए. पाटील ऑटोमेशनच्या निकालानंतर, ऑगस्ट २०२२ पासून, त्यात सूट नाही. त्यापेक्षा आधी एमएसएमईडी कायद्याखालची सुविधा परिषद बघा. सरकारच्या समाधान पोर्टलवर अर्ज करायचा, तो उद्योग सहसंचालकांकडच्या विभागीय परिषदेत जातो. आधी सलोखा, नाही जमला तर तिथेच लवाद. बिल्डरला निवाड्याविरुद्ध जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही अट त्याला नीट समजावून सांगा. ९० दिवसांत निकाल असं कायद्यात लिहिलंय. लिहिलंय एवढंच म्हणतो.

रंगारी | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:०३

मी इमारतींना रंग लावायची कंत्राटं घेतो. माझे एका सोसायटीकडे अडीच लाख अडकलेत, उद्यमही आहे. मला चालेल का हे?

काळाकोट | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

रंगाचं साहित्य आणि मजुरी एकत्र असेल तर ते वर्क्स काँट्रॅक्ट होतं आणि ते या कायद्यात बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय. त्या मुद्द्यावर वाद चालू आहेत. तीन वर्षांची मुदत मात्र धरून ठेवा. सोसायटीकडून थकबाकीचा लेखी कबुलीजबाब घ्या, त्या सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. वार्षिक सभेच्या अहवालात देणं दाखवलंय का तेही बघा.

एडिसनकर | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:११

न्यू जर्सीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. इथे कॉपीअरच्या लीजमध्ये याहून मोठी मेख असते. मशीन विकणारा डीलर वेगळा आणि लीज देणारी फायनान्स कंपनी वेगळी. कायदाच असा आहे की धंद्यासाठी घेतलेल्या फायनान्स लीजमध्ये मशीन एकदा स्वीकारलं की आभाळ कोसळो नाहीतर धरणी फाटो, हप्ता चुकवायचा नाही. मशीन बंद पडलं तर डीलरशी भांडा, हप्ता फायनान्स कंपनीला जातच राहणार. वर, मुदत संपायच्या आधी ठरावीक दिवसांत पत्र दिलं नाही तर लीज आपोआप वर्षभर वाढते. मी ते पत्र नऊ दिवस उशिरा दिलं. वर्षभर, कोणी वापरत नसलेल्या मशीनचं भाडं भरलं. त्यावर फुलदाणी ठेवली होती.

शिसपेन्सिल, तुमचा करार डीलरशीच आहे ना? की मागे कोणी फायनान्स कंपनी आहे?

शिसपेन्सिल | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

डीलरशीच. मशीनचा मालक तोच. एवढं तरी नशीब.

टोनरवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:०८

मग ऐका. उत्तरात भांडा, पण मशीन परत द्या. तेही पॅसेजमध्ये ठेवून नव्हे. लेखी कळवा, अमुक तारखेपर्यंत घेऊन जा. न्यायला येतील त्या दिवशी मीटरचं पान प्रिंट करा, चारी ट्रे उघडून फोटो, काचेचा फोटो, पॉवर केबल आणि ड्रायव्हरची सीडी दिली असेल तर तीही. चलनावर त्यांच्या माणसाची सही. आलं तेव्हाच्या चलनावर सुरुवातीचं रीडिंग असेल, ते शोधा. एक टेस्ट प्रिंट काढा, रेघेसकट, आणि त्याच कागदावर त्यांच्या इंजिनीयरची तारखेसह सही घ्या. तो देईल. पोरं भोळी असतात, कागद पुढे केला की सही करतात. तुमच्या ताईंसारखीच.

बिलांत ए-३ च्या कॉपी कशा मोजल्यात तेही बघा. मीटरवर एक ए-३ म्हणजे दोन पडतात, दोन्ही बाजू छापल्या तर चार. करारात तसं लिहिलं असेल तर ठीक, नसेल तर जास्तीच्या कॉपींचं बिल वादात काढता येतं.

शिसपेन्सिल | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

लिहिलंय. पान ३, बारीक अक्षरात. "कॉपी म्हणजे ए-४ आकाराची एक बाजू." प्रत्येक पानावर माझी सही आहे, या पानावरही.

चिंचपोकळीकर | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:४१

आणि ४२० चं काय? बिल्डरला जरा दम तर बसेल.

काळाकोट | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

४२० गेलं, १ जुलै २०२४ पासून फसवणूक न्याय संहितेच्या ३१८ मध्ये आहे. आणि सुरुवातीपासून फसवायचा इरादा नसेल तर बिल थकवणं ही फसवणूक नव्हे. हे बिल्डरला लागू आणि शिसपेन्सिलना घातलेल्या "फौजदारी"च्या धमकीलाही लागू. दिवाळखोरी न्यायाधिकरणाचं नावही कोणी काढायच्या आत सांगतो, तिथली किमान मर्यादा मार्च २०२० पासून एक कोटी आहे.

शिसपेन्सिल | १ मार्च २०२५, रात्री १०:१५

अपडेट. नोटिशीला वकिलाकडून उत्तर गेलं: थकबाकी मान्य, पुढचं भाडं अमान्य, लवादावर हरकत, मशीन परत न्या. आठवड्याने डीलरचा फोन आला. वकील बाजूला ठेवून बोलू म्हणाला. माणूस वाईट नाही. त्याच्याकडे इंजिनीयर दोन आणि मशीनं नाशिकपासून इगतपुरीपर्यंत. ड्रम मागवला होता, कंपनीकडून आला नाही, म्हणाला. हे त्याने मला सप्टेंबरात सांगितलं असतं तर मी थांबलो असतो. बहुतेक.

तडजोड अशी झाली: थकबाकी ३०,६८० मधून डिपॉझिट वजा, राहिले १०,६८०, अधिक लॉक-इन तोडल्याबद्दल एक महिन्याचं भाडं ७,६७०. एकूण १८,३५० दिले. मशीन काल टेम्पोत चढलं. टोनरवाल्यांनी सांगितलं ते सगळं केलं. इंजिनीयरने रेघवाल्या प्रिंटवर सही करताना विचारलं, "सर, हे कशाला?" म्हटलं, आठवण.

तीनपैकी दोन चेक परत मिळाले. तिसरा सापडत नाही म्हणतात.

काळाकोट | १ मार्च, रात्री १०:३२

लेटरहेडवर लिहून घ्या: चेक क्रमांक अमुक गहाळ, त्यावर कुठलाही हक्क नाही, हिशेब पूर्ण. आणि तेवढा एक चेक आता बँकेत सांगून थांबवा. चिंचपोकळीकर, खूश?

शिसपेन्सिल | २ एप्रिल २०२५, सकाळी ८:०५

हिशोबनीसताई, पेढे तुमचे. पत्र गेल्यावर महिनाभर शांतता होती. मग २६ मार्चला बिल्डरच्या सीएचा मला फोन, उद्यमचं प्रमाणपत्र पाठवा. २८ तारखेला पहिल्या दोन बिलांचे टीडीएस वजा जाता २,३७,९६६ खात्यात. बिल्डरने स्वतः फोन करून "आपले संबंध" वगैरे दहा मिनिटं ऐकवलं.

तिसरं बिल आणि व्याज यांचा अर्ज समाधानवर टाकलाय.

हिशोबनीस | २ एप्रिल, सकाळी ९:१६

छान. अर्जात रक्कम टाकताना मिळालेले पैसे आणि टीडीएस दोन्ही वजा दाखवलेत ना? नाहीतर पहिल्याच तारखेला तो तेवढ्यावरच बोट ठेवेल.

वाचनमात्र | २४ ऑगस्ट २०२५, रात्री ९:००

तिसऱ्या बिलाचं काय झालं?

शिसपेन्सिल | २४ ऑगस्ट, रात्री ९:४५

परिषदेकडून त्याला नोटीस गेली, एक तारीख झाली. त्याच्या वकिलाने लेखी म्हणणं दिलं की सुधारणा आर्किटेक्टने स्वतःहून केल्या. आम्ही लाल पेनचा फोटो प्रमाणपत्रासकट दाखल केला. व्हॉइस मेसेज लावला तेव्हा खोलीतले सगळे वास्तुवाल्याच्या उल्लेखावर हसले, त्याचा वकीलसुद्धा. पुढची तारीख लागायचीय.

टोनरवाला | २४ ऑगस्ट, रात्री १०:०२

आणि प्रिंटचं? नवीन मशीन घेतलंत की भाड्यानं? माझ्याकडे एक ए-३ आहे, ड्रम नवाकोरा.

शिसपेन्सिल | २४ ऑगस्ट, रात्री १०:२०

काहीच घेतलं नाही. खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे खातं काढलंय. पोरं जाऊन प्रिंट आणतात, तो वहीत लिहितो, पोरं सही करतात, महिनाअखेर मी पैसे देतो. जुलैचं अजून द्यायचंय.